मेमरी ॲलोकेटर लिहिताना पॉइंटरसाठी पूर्णांक प्रकार कसा निवडावा

सी भाषेत ॲलोकेटर, म्हणजे प्रोग्रामला मेमरीचे तुकडे वाटून देणारा कोड, लिहिताना पॉइंटरमधला मेमरीचा पत्ता आकड्यासारखा हाताळावा लागतो. त्यासाठी 'लाँग' वापरू नये, कारण ६४ बिटी लिनक्सवर तो ६४ बिटांचा असला, तरी ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचाच राहतो आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो. सी९९ पासून मिळणारा 'यूइंटपीटीआर_टी' हा प्रकार याच कामासाठी आहे. व्हॉइड पॉइंटर त्यात ठेवून परत काढला, तर तो मूळ पॉइंटरशी समान ठरतो, अशी हमी मानक देते.

मात्र पत्त्याचा प्रकार बरोबर निवडला म्हणून काम संपत नाही, आणि खरी काळजी अलाइनमेंटच्या, म्हणजे पत्ता वर सरकवून ठरावीक सीमेच्या पटीत आणण्याच्या, ओळीत घ्यावी लागते:

(पत्ता + सीमा - १) & ~(सीमा - १)

येथे सीमा हा दोनचा घात असतो. ती 'अनसाइन्ड इंट' म्हणून घोषित केली, तर बिटे उलटवण्याची क्रिया ३२ बिटांतच होते, नंतर रुंदी वाढताना वरच्या ३२ जागी शून्ये भरली जातात आणि 'अँड' करताच पत्त्याची वरची बिटे पुसली जातात. रुंदी वाढताना माहिती हरवत नसल्यामुळे कंपायलरही सहसा इशारा देत नाही, आणि हीप (ॲलोकेटर ज्यातून तुकडे देतो तो मेमरीचा भाग) पहिल्या ४ जीबीच्या आत असेपर्यंत चाचण्याही उत्तीर्ण होतात. म्हणून बिटे उलटवण्याआधीच सीमा 'यूइंटपीटीआर_टी'मध्ये बदलून घ्यावी. नंतर केलेल्या कास्टचा (प्रकारबदलाचा) काहीही उपयोग नाही.

ब्लॉकचा आकार 'साइझ_टी'मध्येच ठेवावा. संख्या आणि घटकाचा आकार यांचा गुणाकार करण्यापूर्वी, संख्या ही 'साइझ_मॅक्स' ('साइझ_टी'चे कमाल मूल्य) भागिले घटकाचा आकार यापेक्षा मोठी नाही ना, हे तपासावे; आकार शून्य असण्याची शक्यता त्याआधी वेगळी काढावी. 'यूइंटपीटीआर_टी' आणि 'साइझ_टी' हे दोन प्रकार एकच आहेत असेही धरू नये, कारण ६४ बिटी चेरी या प्रोसेसर-रचनेत, जिथे पॉइंटरसोबत त्याच्या हद्दीही साठवल्या जातात, पॉइंटर १२८ बिटांचा असतो, आकार मात्र ६४ बिटांतच मावतो.

दोन पॉइंटरांमधील अंतरासाठी 'पीटीआरडिफ_टी' हा चिन्हयुक्त प्रकार आहे. ब्लॉक त्याच्या कमाल मूल्याहून मोठा झाला, तर त्यातील दोन बाइट-पॉइंटरांची वजाबाकी त्यात मावेलच असे नाही. म्हणूनच जीलिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीत आवृत्ती २.३० पासून मेमरी मागण्याचे 'मॅलॉक' हे फंक्शन एवढी मोठी मागणी नाकारते, आणि तीच मर्यादा आपल्या ॲलोकेटरनेही पाळावी.