मधुमेह असलेल्या आजी-आजोबांच्या मांड्यांत बळ कसं आणावं?

साखर किती आली हे घरात सगळे विचारतात. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात का, हे कुणी विचारत नाही. मधुमेहात स्नायू लवकर झिजतात, विशेषतः पायांचे. रोज बागेत फेऱ्या मारणारे आजोबाही सोफ्यावरून उठताना 'अगं, हात दे' म्हणतात. चालणं हवंच, पण तेवढ्याने भागत नाही.

आधी मोजा. साधारण दीड फूट उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हातांची घडी छातीवर घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं? शेजारी कुणीतरी थांबा. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या वयात पुरुषांना १२ आणि बायकांना १० पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. आकडा कॅलेंडरवर लिहा.

मग हीच उठबस एक दिवसाआड, ८ ते १० वेळा; थोडा दम खाऊन पुन्हा तेवढीच. बसताना धप्पकन बसायचं नाही, मनात तीन मोजत खाली यायचं. खरी मेहनत तिथेच आहे. श्वास रोखू नका. सुरुवातीला हात टेकले तरी चालतील. पायात चप्पल-बूट हवेतच. मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्याला खडा टोचलेला कळत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर आधी साखर तपासा. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन घ्या. एकादशी-संकष्टीला सुट्टी! घाम फुटला, हात थरथरले की थांबा. साखर ७० च्या खाली गेली असेल तर पाण्यात तीन चमचे साखर घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

रात्री नुसता चहा-पोळीवर भागवणं बंद. घट्ट वरण, उसळ, दही, अंडं यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील.

अमेरिकेतल्या 'लुक अहेड' अभ्यासात व्यायाम वाढवून वजन उतरवलेल्या मधुमेहींमध्ये चालणं-फिरणं अवघड होण्याचा धोका चार वर्षांत जवळपास निम्म्याने घटला. पण ती सगळी जास्त वजनाची माणसं होती. घरातल्या काटकुळ्या आजीला वजन कमी करायला लावू नका.

सहा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा. आकडा घटला असेल तर पुढच्या तपासणीला साखरेच्या रिपोर्टबरोबर तोही डॉक्टरांना दाखवा.