जनुक किती सक्रिय आहे, हे घरबसल्या कसं पाहावं?

माझी भाची एम.एस्सी. करते. परवा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लॅपटॉप घेऊन आली नि म्हणाली, "मामा, कॅन्सरचा डेटा विकत घ्यावा लागतो का रे?" नाही गं. सयाजीरावांनी १९१० पासून बडोदे राज्यात ग्रंथालयं सगळ्यांना फुकट खुली केली, तसाच हाही खजिना खुला आहे. कपाट कुठलं उघडायचं, एवढं ठाऊक हवं.

आधी प्रश्न एका ओळीत लिहा. तिचा होता: फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सॉक्स-२ जनुक जास्त सक्रिय असतं का? २००६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी साध्या पेशींना पुन्हा मूळपेशींसारखं (म्हणजे कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशींसारखं) केलं, त्या चार जनुकांतलं हे एक.

मग नाव तपासा. गाडी बहुतेकदा इथेच अडते. त्याच चौकडीतलं ऑक्ट-४ डेटाबेसमध्ये पीओयू५एफ१ या नावानं नोंदलेलं आहे. यादी एक्सेलमध्ये उघडणार असाल तर आणखी जपा: सेप्ट-२ सारख्या नावाची एक्सेल सरळ तारीख करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नमतं घेतलं ते जनुकांनी; नामकरण समितीनं त्यांचीच नावं बदलली!

आता गाठीतली आणि निरोगी ऊतींतली जनुकांची सक्रियता शेजारी-शेजारी दाखवणारी जेपिया (GEPIA) ही साइट उघडून जनुकाचं नाव रोमन अक्षरांत टाका आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे स्क्वॅमस (LUSC) आणि अ‍ॅडेनो (LUAD) हे दोन्ही प्रकार निवडा. स्क्वॅमस प्रकारात सॉक्स-२ चांगलंच वर दिसेल, अ‍ॅडेनोमध्ये तसं नाही. म्हणजे भाचीचा प्रश्नच ढोबळ होता. शिवाय इथले गाठींचे नमुने टीसीजीए (TCGA) या कॅन्सर-जनुकांच्या प्रकल्पातले, तर निरोगी नमुन्यांपैकी बरेच जीटेक्स (GTEx) या निरोगी ऊतींच्या प्रकल्पातले, म्हणजे मृत दात्यांचे. थोडा फरक त्यामुळेही पडू शकतो.

म्हणून दुसरीकडे पडताळा घ्या. अमेरिकेच्या एनसीबीआय (NCBI) या सरकारी जैव-माहिती केंद्राचं जीईओ (GEO) हे जनुक-सक्रियतेच्या डेटाचं भांडार २००० पासून चालू आहे. तिथे प्रत्येक अभ्यासाला जीएसईनं (GSE) सुरू होणारा क्रमांक असतो. नमुन्यांचं वर्णन आधी नीट वाचा, मगच जीईओ-टू-आर (GEO2R) हे तिथलंच तुलनेचं साधन उघडून 'गाठ' आणि 'निरोगी' असे गट पाडा. मूळपेशींचा डेटा हवा असेल तर स्टेमफॉर्मॅटिक्स (Stemformatics) ही साइट बघा.

आलेख बघून लगेच "याच जनुकामुळे कॅन्सर होतो" म्हणू नका. गाठीच्या तुकड्यात रक्तवाहिन्या, प्रतिकारपेशी असं सगळंच मिसळलेलं असतं.

जीएसई क्रमांक आणि डाउनलोडची तारीख वहीत टिपून ठेवा. भाचीनं सेवउसळीच्या बिलामागे लिहिली होती. ते बिल रविवारी कचऱ्यात गेलं.