रिकामा रकाना म्हणजे ‘सगळ्यांना लागू’: नियमांचे तक्ते एजंटकडून भरून घेणाऱ्या नव्यांसाठी

डिसिजन टेबल (अटी आणि त्यांचं उत्तर ओळी-ओळींनी मांडणारा नियमांचा तक्ता) कसं वाचायचं आणि एजंटला, म्हणजे टूल वापरून काम करणाऱ्या एआय मॉडेलला, टूल कसं जोडायचं, एवढं तुम्हाला येतं असं धरलंय.

परिपत्रक दिलं, एजंटने त्यातून ओळी काढल्या, तक्त्यात टाकल्या, स्क्रीनवर सगळं हिरवं. तिथेच थांबा. या कामातली सगळ्यात महाग चूक त्या हिरव्या रंगाखाली लपते.

चप्पल लाईनमधल्या एखाद्या दुकानाचं बिलिंग घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून पादत्राणांचा जीएसटी बदलला. जोडी २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८. तक्त्यात अटींचे चार रकाने आहेत: एचएसएन (जीएसटीसाठी मालाचा वर्गीकरण कोड) अध्याय, किंमत, कधीपासून, कधीपर्यंत. एजंटला दिलेल्या मजकुरात नेमकं एवढंच होतं, ‘२५०० पर्यंत ५ टक्के’. अध्याय लिहिलेला नव्हता, म्हणून त्याने तो रकाना रिकामा सोडला. माणूस रिकामा रकाना ‘अजून भरायचंय’ असा वाचतो. तक्ता चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, तोच रकाना ‘काहीही असलं तरी चालेल’ असा वाचतं. कॅमुंडा आणि ड्रूल्स ही अशीच दोन इंजिनं. कॅमुंडात रिकामी अट आणि आडवी रेघ यांचा अर्थ एकच. ड्रूल्सच्या स्प्रेडशीट तक्त्यात रिकामी पेशी म्हणजे ती अट तपासलीच जात नाही.

आता काय होतं बघा. अध्याय ६४ मधली चप्पल बरोबर ५ टक्क्यांना जाते, म्हणून तुमची चाचणी पास. पण त्याच दुकानातला अध्याय ४२ मधला चामड्याचा पट्टाही ५ टक्क्यांना जातो, कारण तो २५०० च्या आत आहे. त्याचा खरा दर कोणी विचारलाच नाही. ‘कधीपासून’ रिकामं राहिलं तर आणखी एक घोळ. १८०० रुपयांच्या जोडीला आधी १८ टक्के होते, कारण जुनी मर्यादा १००० ची होती. ऑगस्टचं बिल पुन्हा मोजायला घेतलं की तेही ५ टक्क्यांनी निघतं. ओळ बरोबर, आकडा बरोबर, आणि तक्ता चुकलेला.

यावर नवी माणसं हमखास एक पळवाट काढतात, ती काढू नका. तक्त्यात पट्ट्याची स्वतःची ओळही असेल तर त्याला दोन ओळी लागू पडतात. अशा वेळी काय करायचं हे हिट पॉलिसी ठरवते. ती ‘युनिक’ (एकच ओळ लागू पडली पाहिजे) असेल तर इंजिन चालताना एरर देतं. तो एरर त्रासदायक वाटतो, म्हणून पॉलिसी ‘फर्स्ट’ केली जाते. एरर जातो, चूक राहते. आता वरची ओळ जिंकते आणि कोणाला कळतही नाही. युनिक कटकट करतं ते तुमच्या भल्यासाठी करतं.

उपाय टूलच्या स्कीमामध्येच करायचा, म्हणजे टूलने कोणती माहिती कशा रूपात स्वीकारायची याच्या व्याख्येत. प्रॉम्प्टमध्ये ‘काळजीपूर्वक भर’ लिहून काही होत नाही. अटीचा प्रत्येक रकाना सक्तीचा ठेवा आणि नल (काहीच किंमत नाही) किंवा रिकामी स्ट्रिंग आली की टूलने ओळ परत पाठवावी. एजंटला मोकळीक फक्त तीन गोष्टींची: नेमकी किंमत, ‘सर्व’, किंवा ‘माहीत नाही’. ‘सर्व’ लिहायचं असेल तर परिपत्रकातलं ते वाक्य शब्दशः सोबत जोडणं बंधनकारक. ‘माहीत नाही’ असलेली ओळ तक्त्यात जातच नाही, माणसाच्या यादीत जाते. ‘सर्व’चं आडव्या रेघेत रूपांतर तुमचा कोड करेल, मॉडेल नाही. ‘माहीत नाही’ हा पर्यायच दिला नाही, तर मॉडेल अंदाजाने ६४ लिहील. ते कधी बरोबर निघेल, कधी नाही, आणि तुम्हाला फरक ओळखता येणार नाही.

हे एकदा बसलं की बाकीचं तितकं अवघड नाही, घाबरू नका.

सीमा तपासा. ‘० ते २५००’ आणि ‘२५०१ पासून’ असं लिहिलं तर २५००.५० ला कुठलीच ओळ लागत नाही. पुढचा कोड रिकाम्या उत्तराला शून्य धरत असेल, तर बिल करमुक्त निघतं. दुसरी ओळ ‘२५०० पेक्षा जास्त’ अशीच हवी. प्रत्येक नव्या ओळीमागे २५००, २५००.५० आणि २५०१, शिवाय २१ आणि २२ सप्टेंबर, आणि एक अशी वस्तू जिला ही ओळ लागूच नये, एवढ्या चाचण्या कमीत कमी. शेवटची चाचणी सगळे विसरतात. पट्टा तिथेच सापडतो.

दुधाचा एचएसएन ०४०१ आहे. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की पुढचं शून्य जातं आणि ४०१ उरतं. कोड मजकूर म्हणूनच ठेवा. मराठी परिपत्रकातले देवनागरी अंक एजंटकडे जाण्याआधी कोडने इंग्रजी अंकांत बदलून घ्या. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. ०५/०६ वर विश्वास ठेवू नका.

दूध संस्थेचं दरपत्रक एजंटकडून ओळ-ओळ लिहून घेऊ नका, हे माझं ठाम मत. गायीच्या दुधाला फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.० ते ९.०, दोन्ही ०.१ च्या टप्प्याने घेतले तर २१ गुणिले ११, म्हणजे २३१ ओळी. लांब यादीत मॉडेल मधल्याच एखाद-दोन ओळी गाळू शकतं. त्याच्याकडून फक्त पायाभूत दर आणि प्रत्येक टप्प्याची वाढ-घट काढून घ्या, ओळी कोडने तयार करा आणि २३१ मोजा. म्हशीचा तक्ता वेगळा.

प्रॉम्प्टचे कोर्स विकणाऱ्यांपेक्षा संस्थेतला जुना हिशेबनीस मोठा गुरू आहे. कुठला नियम कोणाला लागू नाही हे त्याला तोंडपाठ असतं आणि परिपत्रकात नेमकं तेच लिहिलेलं नसतं. त्याच्याजवळ दोन दिवस बसा, लाजू नका.

एजंटला लिहिण्याची परवानगी मसुद्याच्या तक्त्यापुरतीच द्या. लाइव्हवर नेण्याआधी जुना-नवा फरक माणसाने वाचायचा. नवी ओळ आली की जुनीच्या ‘कधीपर्यंत’मध्ये २१ सप्टेंबर पडला का, ते त्याच फरकात दिसतं. प्रत्येक भरणीला एक बॅच क्रमांक द्या. टाइमआउटनंतर एजंट तीच ओळ पुन्हा पाठवतो, तेव्हा त्या क्रमांकावरून दुसरी प्रत अडवता येते, आणि काही बिघडलंच तर तेवढीच बॅच उचलून बाहेर काढता येते.