फॅक्टरची पावडर घरी मिसळताना: हिमोफिलियावाल्या मुलांच्या आईबाबांसाठी

माझ्या मुलाला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त नीट गोठत नाही, आणि त्यासाठी लागणारं फॅक्टर एट (रक्त गोठायला मदत करणारं प्रोटीन) आम्ही घरीच नसेतून देतो, ट्रेनिंग हॉस्पिटलात नीट घेऊनच सुरू केलं आणि तुम्हीही सिस्टरने समोर बसून शिकवल्याशिवाय सुरू करू नका. नसेत सुई घालणं लिहून शिकवता येत नाही, म्हणून इथे फक्त मिसळण्याबद्दल लिहितेय, कारण चुका तिथेच जास्त होतात.

पहिली गोष्ट पाणी. बॉक्समध्ये पावडरच्या व्हायलसोबत (छोट्या बाटलीसोबत) जे पाणी येतं तेच आणि तेवढंच घ्यायचं. ती बाटली फुटली तर दुसरं काहीही चालत नाही, विहिरीचं पाणी कितीही उकळलं तरी नाही, सलाईनसुद्धा मनाने घालायचं नाही. हॉस्पिटलला फोन करून विचारा.

जागा. आमच्याकडे पावसात सगळं दमट, भिंतींना बुरशी, म्हणून ओटीवर किंवा पडवीत नाही, आतल्या खोलीत टेबल पुसून घेते आणि पंखा बंद करते, धूळ उडते म्हणून. घाम आला तरी चालेल, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. हात साबणाने मनगटापर्यंत धुवायचे आणि स्वच्छ टॉवेलला पुसायचे, पदराला नाही.

मग दोन्ही बाटल्यांवरचं नाव, युनिट, एक्स्पायरी मोठ्याने वाचा, दुसऱ्या कोणालातरी ऐकवा, आणि बॅच नंबरचा स्टिकर वहीत चिकटवा. फ्रिजमधून काढलेल्या बाटल्या खोलीतल्या तापमानाला येऊ द्यायच्या, घाई असेल तर तळहातात धरा, पण गरम पाण्यात, चुलीजवळ किंवा उन्हात कधीच नाही.

झाकणं काढून रबरी बुचं स्पिरिटच्या स्वॅबने पुसा आणि आपोआप सुकू द्या, फुंकर नको (तोंडातले जंतू परत तिथेच जातात). आमच्या बॉक्समध्ये दोन टोकांची सुई येते, तुमच्यात वेगळं काही असेल तर त्याचाच कागद वाचा. तिचं एक टोक आधी पाण्याच्या बाटलीत, मग ती उलटी करून दुसरं टोक पावडरच्या बाटलीत. क्रम चुकवू नका, पावडरच्या बाटलीत आत व्हॅक्यूम असतो, तोच पाणी ओढून घेतो, आधी तिला भोक पाडलं की तो गेला. सुई थोडी तिरकी धरली की पाणी काचेवरून खाली उतरतं, फेस कमी होतो.

आणि आता हलवायचं नाही!! हे मी माझ्या चुकीतून सांगतेय. जुलैची रात्र, लाईट गेलेली, मुलाचा गुडघा सुजत चाललेला, आणि मी सिरपसारखी बाटली जोरात हलवली. आत नुसता फेस. फॅक्टर म्हणजे प्रोटीन, जोरात हलवलं की ते खराब होऊ शकतं. त्या रात्री दुसरी व्हायल घरात होती म्हणून निभावलं. बाटली टेबलावर ठेवूनच हळू गोल फिरवायची, ताकातली साखर विरघळवतो तशी पण त्याहून हळू, आणि थांबायचं. पावडर विरघळते, तिला वेळ द्या.

विरघळल्यावर उजेडात धरून बघा. कण, गुठळ्या किंवा नेहमीपेक्षा वेगळा रंग दिसला तर ते द्यायचं नाही, बाटली जपून ठेवून हॉस्पिटलला कळवा. चांगलं असेल तर बॉक्समधल्या फिल्टरमधूनच सिरिंजमध्ये ओढा. मिसळलेलं औषध परत फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, आमच्या बॉक्सवर तीन तासांत द्यायचं लिहिलंय, मी तर लगेच देते.

आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) तयारीत आम्ही फॅक्टरचा साठाही बघतो, कारण घाट बंद झाला की काही खरं नाही. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका, आणि आईस बॉक्समध्ये ठेवलंत तर बाटलीला बर्फ थेट लागू देऊ नका, गोठलेलं फॅक्टर वाया गेलं असंच समजायचं. मासळीचा थर्माकोलचा डबा यासाठी वापरू नका, नवीन आणा.

सुयांना परत टोपण लावायचं नाही, जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायच्या आणि भरत आला की हॉस्पिटलात द्यायचा, खाडीत किंवा माडाच्या बुंध्याशी नाही.

देताना अंगावर पित्त उठलं, धाप लागली तर तिथेच थांबवा आणि हॉस्पिटल गाठा. डोक्याला मार लागला असेल तर मूल हसतखेळत असलं तरी डोस द्या आणि लगेच निघा, रात्र असो की पाऊस.