श्रामणेर शिबिराला जाण्याआधी पाली वंदनेची तयारी कशी करावी

श्रामणेर शिबिराला, म्हणजे काही दिवस नवशिक्या भिक्खूसारखं राहण्याच्या शिबिराला, येणाऱ्या मुलामुलींना मी पाली पाठ शिकवते. पहिल्या संध्याकाळी बहुतेकांची वंदना गाण्याच्या चालीत येते. विहाराच्या लाऊडस्पीकरवर लहानपणापासून तीच कानावर पडलेली असते. चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, घेतल्यावर ती चाल सोडावी लागते. श्रामणेराच्या दहा शिक्षापदांतलं, म्हणजे नियमांतलं, सातवं, ‘नच्चगीतवादितविसूकदस्सना वेरमणी’, नाच-गाणं-बजावण्यापासून दूर राहायला सांगतं.

विनयातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथातल्या, चुल्लवग्ग या भागात भगवान बुद्धांनी आळवून आळवून धम्म म्हणण्याचे पाच तोटे सांगितलेत. म्हणणारा स्वतः आवाजात गुंततो, ऐकणारेही गुंततात, ‘हे आपल्यासारखेच गातात’ म्हणून लोक नावं ठेवतात, सूर जमवण्याच्या नादात समाधी मोडते आणि मागून येणारे तेच उचलतात. पण तिथेच ‘सरभञ्ञ’ला, म्हणजे स्वरात म्हणायला, परवानगीही आहे. अवंतीहून आलेल्या सोण कुटिकण्ण या भिक्खूने जेतवन विहारात अट्ठकवग्ग हा सुत्तांचा संग्रह तसाच म्हणून दाखवला, तेव्हा भगवंतांनी त्याच्या स्वच्छ, अर्थ पोचवणाऱ्या वाणीची वाखाणणी केली. मी शिकवताना हाच नमुना समोर ठेवते. शब्द ऐकू आला पाहिजे.

पाठ ताठ ठेवून हात जोडा आणि बोलण्याच्या आवाजाजवळची एकच पट्टी धरा. पहाटे गळा बसलेला असतो, म्हणून खालचीच बरी.

आता वंदनेची पहिली ओळ, ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’, घ्या. बोटाने मांडीवर मात्रा मोजा. ऱ्हस्वाला १, दीर्घाला २, जोडाक्षराने जड झालेल्या अक्षरालाही २. न-मो-तस्-स म्हणजे १, २, २, १. भ-ग-व-तो १, १, १, २. सम्-मा-सम्-बुद्-धस्-स मध्ये शेवटचा ‘स’ सोडून सगळी अक्षरं दोन मात्रांची. घाईत आपल्या तोंडून ‘तस’, ‘संबुद्धस’ निघतं. जोडाक्षरावर जीभ क्षणभर टेकली की हे आपोआप सुधारतं आणि वेगळी चाल लावायची गरजच उरत नाही.

श्रामणेराची प्रव्रज्या, म्हणजे दीक्षा, तिसरणानेच (‘बुद्धं सरणं गच्छामि’ आणि पुढच्या ओळींनी) होते, म्हणून तिथे ढिलाई नको. ‘बुद्धं’चा अनुस्वार नाकातून, ‘गंगा’तल्यासारखा म्हणता येतो, किंवा ओठ मिटून ‘बुद्धम्’ असाही. अट्ठकथेत, म्हणजे विनयाच्या जुन्या भाष्यात, दोन्ही रीती मान्य आहेत. दीक्षा देणारे भन्ते जी म्हणतील ती धरा, दोन्हींची सरमिसळ करू नका. आणि ‘सरणं’ म्हणा, ‘शरणं’ नाही. पालीत श नाहीच.

समूहात सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की ओळ तुटते. शेजारची व्यक्ती थांबली की तुम्ही चालू ठेवा. तुमचा दम संपला तर शब्दाच्या मध्येही थांबा, पण सुटलेली अक्षरं भरून काढायला धावू नका. सगळे जिथे पोचले असतील तिथे सामील व्हा.

जेवणाआधीचा पाठ मी सगळ्यात सावकाश घेते. ‘पटिसङ्खा योनिसो पिण्डपातं पटिसेवामि, नेव दवाय, न मदाय, न मण्डनाय, न विभूसनाय.’ हे अन्न खेळासाठी नाही, मस्तीसाठी नाही, नटण्यासाठी नाही, सजण्यासाठी नाही. दुपारनंतर काही खायचं नसतं, समोर भात वाफाळत असतो आणि मुलं नेमकी इथेच पळतात. ‘नेव’ आणि पुढचे तिन्ही ‘न’ सुटे ऐकू आले पाहिजेत. ते गिळले तर अर्थच उलटा होतो.

करणीयमेत्तसुत्ताच्या, म्हणजे मैत्रीवरच्या सुत्ताच्या, १० गाथा घरूनच पाठ करून या, रोज एक. ‘अभिसमेच्च’मधला ए आखूड, ‘सक्को’मधला ओ लांब. मोबाइलवर स्वतःचं म्हणणं रेकॉर्ड करा, पुस्तक समोर ठेवून ऐका, जिथे अक्षर गिळलंय तिथे पेन्सिलीने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी आधी तेवढेच शब्द म्हणा.