हेड टॅक्सच्या काळातला चिनी माणूस जुन्या कागदांत कसा शोधायचा

आर्काइव्हच्या सर्चमध्ये नाव टाकलं, काहीच आलं नाही, म्हणून सोडून दिलं, असं सांगणारे बरेच जण भेटतात आणि दरवेळी मला वाईट वाटतं, कारण तो माणूस बहुतेक तिथेच असतो, फक्त नावाने सापडत नाही. हेड टॅक्स म्हणजे देशात येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसाकडून घेतलेला माणशी कर. कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहती, न्यूझीलंड, कुठेही शोधा, नाव सगळ्यात शेवटी धरायचं. आधी वर्ष, मग बंदर, मग जहाज, मग नाव. असं का, तर हे कागद त्या माणसाची ओळख जपायला केलेले नव्हतेच, त्याच्याकडून पैसे घ्यायला आणि पुढचा माणूस अडवायला केलेले होते. त्यामुळे पैसे किती, तारीख कुठली, जहाज कुठलं हे नीट लिहिलंय आणि नाव कारकुनाला जसं ऐकू आलं तसं.

तर पहिलं काम, तो माणूस आला त्या वर्षी तिथे कायदा काय होता ते काढा. हे केलं की कुठला कागद असणार आणि कुठला असूच शकत नाही ते कळतं, निम्मा शोध इथेच होतो.

सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीने केली, 1855 साली. सोन्याच्या खाणींवर चिनी लोक यायला लागले म्हणून कायदा केला की जहाजाच्या दर 10 टनांमागे एकच चिनी प्रवासी आणि माणशी 10 पौंड कर. मग जहाजवाल्यांनी काय केलं, शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या छोट्या बंदरावर लोकांना उतरवायला लागले आणि तिथून ही माणसं पायी, चारशे किलोमीटरच्या आसपास, खाणींपर्यंत चालत गेली, हजारोंच्या संख्येने. 1857 मध्ये अशाच चालत निघालेल्या एका टोळीला वाटेत सोनं सापडलं, तिथे आज अराराट शहर आहे. म्हणजे तुमचा माणूस 1850 च्या दशकात बेंडिगो किंवा बॅलरॅटच्या खाणींवर होता आणि मेलबर्नच्या प्रवासी याद्यांत मिळत नाहीये, तर रोबकडे बघा.

टनांचं हे गणित एकदा स्वतः करून बघाच. 1,000 टनांचं जहाज धरा. 1881 च्या न्यूझीलंडच्या कायद्यात 10 टनांना एक, म्हणजे 100 माणसं. 1888 मध्ये ते 100 टनांना एक झालं, म्हणजे 10 माणसं. 1896 मध्ये 200 टनांना एक, म्हणजे फक्त 5, आणि त्याच वेळी कर 10 पौंडांवरून थेट 100 पौंड. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये 1888 चा कायदा तर 300 टनांना एक, म्हणजे त्याच जहाजावर 3 माणसं, वर 100 पौंड. त्यामुळे एखाद्या यादीत 1888 नंतरच्या अशा एका जहाजावर पन्नास-साठ चिनी दिसले तर थांबा, बहुतेक ते आधी राहून गेलेले, परतीचा कागद घेऊन पुन्हा येणारे लोक आहेत, किंवा पुढच्या बंदराला जाणारे. त्यांचे कागद वेगळ्या ठिकाणी असतात.

कॅनडाचा क्रम पाठच करून ठेवा. 1885 ला माणशी 50 डॉलर, 1901 पासून 100, 1904 पासून 500, आणि 1 जुलै 1923 पासून दार जवळपास बंद, ते 1947 पर्यंत. पहिला कायदा 1885 चा हे लक्षात ठेवा, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ठोकला. हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडून ती रेल्वे बांधली, काम संपत आलं आणि कर लागला. 500 डॉलर म्हणजे मजुराची साधारण दोन वर्षांची कमाई. एकूण 82 हजारांच्या आसपास लोकांनी हा कर भरला, सरकारने जवळपास 2 कोटी 30 लाख डॉलर जमवले. न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतं, तिथे 1906 पासून वेगळा 300 डॉलरचा कर होता, तो विसरू नका.

आता कर भरल्याचं सर्टिफिकेट हातात आलं असं समजू. कॅनडातलं सगळ्यात ओळखीचं म्हणजे सी. आय. 5. त्यावर आकडा छापील असतो, 500 डॉलर, तो बघूनच काळ कळतो. खालची ओळ नीट वाचा, तिथे छापलेलं असतं की हा माणूस अमुक गावचा असल्याचं "सांगतो". हा शब्द मला दरवेळी टोचतो, पैसे पूर्ण घेतले पण गाव कुठलं यावर विश्वास नाही. शेवटी "एक्स" असं लिहून पुढे जहाजाचं नाव असतं, उदाहरणार्थ एम्प्रेस ऑफ रशिया, म्हणजे त्या जहाजावरून उतरला. ती तारीख आणि ते जहाज उतरवून घ्या आणि मग ओटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्हजच्या चिनी इमिग्रेशन रजिस्टरमध्ये त्या तारखेच्या आसपासची पानं एकेक करून बघा, सर्च न करता. रजिस्टरमध्ये वय, गाव, धंदा, भरलेली रक्कम असते आणि अंगावरच्या खुणाही, गालावर व्रण वगैरे. घरात आजोबांच्या व्रणाची गोष्ट कुणाला आठवत असेल तर इथे उपयोगी पडते. रकमेच्या जागी काहीच नसेल तर तो व्यापारी किंवा विद्यार्थी म्हणून सुटलेला असू शकतो.

नावाचं सांगतो. चिनी नावात आडनाव आधी येतं, कारकुनाने ते उलटं समजून शेवटच्या शब्दालाच आडनाव केलं, आणि कित्येक घराण्यांना आजही तेच चिकटलेलं आहे. "आ" हे तर आडनाव नाहीच, ते नावाआधी प्रेमाने लावतात, आपण बाळ्या म्हणतो तसं, पण कागदांवर शेकडो लोक "आ" आडनावाचे म्हणून बसलेत. एकच आडनाव बोलीप्रमाणे चॅन, चिन, चुन असं तीन तऱ्हांनी मिळतं, आणि उलट दोन वेगळी आडनावं कँटोनीज या दक्षिण चीनमधल्या बोलीत सारखीच वाँग ऐकू येतात. म्हणून कागदावर कुठेही चिनी अक्षरांत सही असेल तर तिचा मोठा करून फोटो काढा, वाचता येणाऱ्याला दाखवा. खरं नाव तिथे आहे, तेवढंच त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय.

वयात एक-दोन वर्षांचा फरक आला तर खोटं बोलला असं समजू नका, जुन्या चिनी पद्धतीत जन्मतःच एक वर्ष धरतात आणि नवीन वर्ष लागलं की आणखी एक. चिनी पत्रांवर किंवा थडग्यावर "मिंगुओ 12", म्हणजे चिनी प्रजासत्ताकाचं बारावं वर्ष, अशा अर्थाचं साल असेल तर त्यात 1911 मिळवा, 1923 येतं.

ऑस्ट्रेलियात 1901 नंतर माणशी कराची जागा डिक्टेशन टेस्टने घेतली, कुठल्याही युरोपीय भाषेत 50 शब्द अधिकारी वाचणार आणि तुम्ही लिहायचे, भाषा तोच निवडणार. तिथे आधीपासून राहणाऱ्याला गावी जाऊन यायचं असेल तर या टेस्टमधून सूट मिळाल्याचं सर्टिफिकेट घ्यावं लागे. ते शोधाच, कारण त्यावर समोरून आणि बाजूने असे दोन फोटो असतात आणि मागे हाताचा ठसा. सिडनीचे कागद नॅशनल आर्काइव्हजमध्ये एसटी 84/1 या मालिकेत आहेत. मी पहिल्यांदा त्या काळ्या शाईतल्या पंजाचा स्कॅन उघडला तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो, गुन्हा काही नाही आणि ठसा घेतलाय.

असे जाण्यायेण्याचे कागद, कॅनडात सी. आय. 9, एका ओळीत लावा आणि शेजारी मुलांची जन्मवर्षं लिहा. बायकोला आणायला पुन्हा तेवढाच कर, म्हणून बायका गावीच राहिल्या, आणि मुलांचे जन्म बरोबर या फेऱ्यांच्या नंतर पडतात. एखादं मूल कुठल्याच फेरीत बसत नसेल तर ते दुसऱ्याच्या मुलाला कागदावर आपलं दाखवून आणलेलं असू शकतं, असं पुष्कळ घडलं, बंदीच तशी होती. घरच्या म्हाताऱ्यांना हे विचारताना सांभाळून विचारा, कित्येकांनी ते आयुष्यभर लपवलंय.

1923 ते 1947 मध्ये कॅनडात येणाऱ्यांचे कागद जवळपास नाहीतच, पन्नास जणसुद्धा आत आले नाहीत. पण 1923 च्या कायद्याने तिथे असलेल्या प्रत्येक चिनी वंशाच्या माणसाला, कॅनडात जन्मलेल्या पोरांनासुद्धा, वर्षभरात नोंदणी करायला लावली होती, तर ती नोंद बघा.

आणि एवढं करूनही धागा तुटला तर थडग्याचा फोटो मागवा. इंग्रजी अक्षरांवर थांबू नका, चिनी अक्षरांच्या ओळीत बहुतेक वेळा जिल्हा आणि गाव कोरलेलं असतं, ताइशान किंवा झोंगशान आणि पुढे गावाचं नाव, आणि गाव कळलं की तिथल्या घराण्याच्या वंशावळीत त्याचं खरं नाव शोधता येतं.