साहेबांच्या पत्रातली चूक दाखवताना

साहेबांनी स्वतः केलेल्या मसुद्यात रक्कम किंवा तारीख चुकलेली दिसते, पण सांगायचं कसं?

१. त्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने बारीक टिक करा. लाल पेन नको, वही तपासल्यासारखं दिसतं.
२. मूळ आदेशाच्या नेमक्या पानाला चिठ्ठी लावून सोबत ठेवा.
३. केबिनमध्ये दुसरं कोणी नसताना जा आणि एवढंच विचारा: "सर, आदेशात ४५,००० आहेत, पत्रात ५४,००० आलेत. कोणती रक्कम ठेवू?" आकडे समोर असले की "चुकलंय" म्हणावंच लागत नाही.
४. दुरुस्त प्रत छापूनच न्या, सही लगेच होते.

सही झाल्यावर चूक सापडली तर आकडा परस्पर खोडू नका. नवी प्रत काढून पुन्हा सही घ्या.